टाकीजवळची जागा

सोलांज बेताँला डाग नुसता दाखवायचा अवकाश, तो गेलाच म्हणून समजा, असं ला फ्रासेत गावात तीस वर्षं बोललं जायचं आणि सोलांजही ते कधी नाकारत नसे. कोणाच्या कोटावर मेणबत्तीचं मेण सांडलेलं, कोणाच्या लग्नाच्या पँटवर चीजचा ओघळ, बँडवाल्यांच्या निळ्या कॉलरवर मानेचा चिकट काळेपणा, सगळं शनिवारी दुपारी तिच्याकडे यायचं. ती ते जाळीच्या टोपलीत घालून भावाच्या कारखान्यातल्या टाकीत सोडायची, आणि पाद्रीबाबांचा झगासुद्धा दहा मिनिटांत कोराकरकरीत आणि कोरडा होऊन बाहेर यायचा. रविवारी सकाळी चर्चमध्ये धूप कमी आणि ट्रिक्लोचा गोडसर वास जास्त असायचा. देवाची तक्रार कधी आली नाही.

आर्व्ह नदीच्या त्या दरीत ट्रिक्लो म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. एका घराआड लेथ होतं. वर माणसं राहायची आणि खाली, जिथे पूर्वी गाई बांधत, तिथे मशिनं धडधडायची. घड्याळांचे स्क्रू, पिना, नळांच्या बारीक चकत्या, सगळा माल तेलात न्हाऊन बाहेर पडायचा, आणि ते तेल काढायला ट्रिक्लो. टाकीच्या तळाशी ते तापायचं, वर त्याची वाफ तरंगायची, वाफेत टोपली धरली की तेल सुटून खाली गळायचं. संध्याकाळी घरी जाताना सगळे त्यातच हात धुवायचे, कारण साबणानं ते काळं तेल सात जन्मांत निघालं नसतं.

सोलांज त्या टाकीशी तेहतीस वर्षं उभी होती. पंधराव्या वर्षी उभी राहिली ती कारखाना बंद झाला तेव्हाच हलली. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिचं डोकं असं काही हलकं व्हायचं की ती मशिनांच्या वरताण आवाजात गाणी म्हणायची. तिचा नवरा गास्पार शाळेची बस चालवायचा. तो अजून चारचौघांत सांगतो, मी हिच्या गाण्याला भुललो, लग्नानंतर कळलं की सोमवारी ही गातच नाही.

आजार बोटांपासून सुरू झाला. थंडीच्या सकाळी दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडायची, मग निळी, मग लालभडक. डोंगरात थंडी असायचीच, म्हणून तिनं कित्येक वर्षं तिकडे काणाडोळा केला. मग अंगठी निघेना. मग बोटांची कातडी गुळगुळीत आणि घट्ट झाली, मूठ पुरती वळेना, आणि एक दिवस सफरचंदाचा चावा घ्यायला तोंड पुरेसं उघडेना. चेहऱ्यावरची कातडी ताणली गेल्यामुळे सुरकुत्या मात्र गेल्या. एकोणसाठाव्या वर्षी बायको चाळिशीची दिसायला लागली, शेजारणी जळतायत, असं गास्पार म्हणायचा, आणि बाहेर जाऊन गपचूप डोळे पुसून यायचा. सोलांजला ते दिसायचं, पण ती तसं दाखवत नसे.

खालच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला केरवेला नावाची डॉक्टर भेटली. ही मुलगी समुद्राकाठच्या ब्रतान्यची, पस्तिशीची, सायकलवरून कामाला येणारी. तिनं आजाराचं नाव सांगितलं: स्क्लेरोडर्मा. रोगांशी लढायला शरीरानं जी फौज पाळलेली असते ती घरच्याच माणसांवर उलटते आणि कातडी आवळत नेते, असं तिनं समजावलं. फुप्फुसं अजून धड होती, हृदय ठणठणीत होतं. गोळ्या होत्या, हातमोजे होते, दर सहा महिन्यांनी तपासणी होती. याच्यावर माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा सोलांजनं तिला घरचा जॅम आणून द्यायचं कबूल केलं.

डॉक्टरनं आणखी एक गोष्ट तीन वेगवेगळ्या भेटींत विचारली होती: कामावर कधी रसायनांशी संबंध आला का? तिन्ही वेळा सोलांज छे म्हणाली. शेजारी बसलेला गास्पारही म्हणाला की रसायनं खालच्या धुराड्यांच्या कारखान्यांत, आमच्याकडे नुसते स्क्रू. दोघंही खोटं बोलत नव्हती. डॉक्टरनं तिन्ही वेळा ‘नाही’ लिहून घेतलं.

चौथ्या भेटीत सोलांजची नजर डॉक्टरच्या पँटवर गेली. पायाशी सायकलच्या साखळीचं ग्रीस चांगलं वीतभर लागलं होतं. सोलांजला राहवेना. एवढी शिकलेली बाई आणि असा डाग घेऊन हिंडते, हे काही तिला बघवलं नाही.

"ही पँट पूर्वी माझ्याकडे आणली असतीत ना, तर टाकीत बुडवून दोन मिनिटांत काढून दिली असती," ती म्हणाली.

"कसली टाकी?"

"भावाच्या कारखान्यातली. ट्रिक्लोची."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्या टाकीजवळ काम करायचात?"

"जवळ कसलं, आतच म्हणा. कोपरापर्यंत."

"सोलांजबाई, मी तुम्हाला तीन वेळा विचारलं होतं."

"तुम्ही रसायनांचं विचारलंत. ट्रिक्लो काय रसायन आहे? ते धुवायचं असतं."

डॉक्टर हसली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं: किती वर्षं, दिवसाचे किती तास, खिडक्या उघड्या असत का, डोकं हलकं होई का. गाण्याची गोष्ट ऐकून तर तिनं दोनदा लिहिलं. मग ती म्हणाली की एका माणसाकडे बोट दाखवून, तुमचा आजार ट्रिक्लोनंच झाला, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण असल्या द्रावणांत वर्षानुवर्षं काम केलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. ज्याच्या रक्तात आधीच काही कलतं असेल, त्याला ते ढकलून देतं. हा कामामुळे आलेला आजार म्हणून नोंदवता येईल. वरची समिती कागद तपासते आणि पेन्शन द्यायची की नाही ते ठरवते.

घरी परतताना बसमध्ये सोलांजला आधी बरंच वाटलं. आपण काही पाप केलं म्हणून हे मागे लागलं असेल का, हा विचार ती दोन वर्षं कोणाला न सांगता पोसत होती. आता त्याला एक साधं, लोखंडी, चार बाय दोन फुटांचं कारण मिळालं होतं. पण बस गावाच्या वळणाला आली आणि तिला भावाचं, ओनोरेचं घर दिसलं, तेव्हा तिनं नजर पलीकडच्या खिडकीकडे वळवली.

कारण कागदांचा घोळ असा होता. पहिली अकरा वर्षं ती कारखान्याच्या नोंदीतच नव्हती. मालकाची बहीण, घरचीच, तिची कसली नोंद? पुढची बावीस वर्षं तिच्या नावापुढे ‘पॅकिंग’ असं लिहिलेलं होतं. टाकीचं नाव कुठेच नाही. त्या वेळचे कामगार एकेक करून देवाघरी गेले होते. ती कुठे उभी असायची हे लिहून देऊ शकेल असा एकच माणूस जिवंत होता, तो म्हणजे तिचा थोरला भाऊ, आणि तो भिंतीपलीकडे राहत होता.

ओनोरे तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्यानं गाई विकून गोठ्यात पहिलं लेथ आणलं आणि सोलांजला जिनिव्हाला मोलकरीण म्हणून जाऊ दिलं नाही. बहात्तराव्या वर्षीही ताठ. मशिनांनी त्याचा एक कान नेला होता आणि उरलेल्या कानानं तो सोयीचं तेवढंच ऐकायचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग नुसत्या नखानं ओळखणारा माणूस, ताटातल्या सॉसेजची जाडीसुद्धा नजरेनं जोखायचा. दर रविवारी तो आणि त्याची बायको ल्युसेत सोलांजकडे जेवायला यायची. चीज मात्र ओनोरेच कापायचा, दुसऱ्या कोणी सुरीला हात लावलेला त्याला खपत नसे.

सोलांजला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्यानं खरं लिहावं, आणि तरीही रविवारी तिच्या टेबलाशी बसावं. पेन्शनीचं तिचं काही अडलं नव्हतं, पण पॅकिंग हा शब्द आता तिला सोसवेना. आयुष्यात तिनं एक खोकंसुद्धा बांधलेलं नव्हतं. आणि ओनोरेला ती ओळखून होती. माझ्या कारखान्यात तेहतीस वर्षांत कोणाचं बोट तुटलं नाही, हे वाक्य तो नाताळातही म्हणायचा. त्याच्याकडून हे लिहून मागायचं म्हणजे त्याच्या आयुष्याची एकुलती एक फुशारकी काढून घ्यायची.

रविवारी तिनं डिओ केले, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेली सॉसेजं, बरोबर मक्याचा घट्ट पोलेंता. पोटं भरेपर्यंत तिनं विषय काढला नाही. मग डॉक्टरनं सांगितलेलं सगळं हळूहळू सांगितलं. टाकी हा शब्द आला तसा ओनोरेनं चांगला कान दुसरीकडे फिरवला, तेव्हा ती उठली आणि त्या बाजूला जाऊन बसली. तिनं समितीचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

ओनोरेनं तो चष्म्याशिवाय पाहिल्यासारखं केलं. "कागदावर पॅकिंग लिहिलंय," तो म्हणाला.

"तू लिहिलंयस, दादा."

"माझ्या कारखान्यात कोणाचं बोट तुटलं नाही."

"तुटली नाहीत, पांढरी झाली," गास्पार म्हणाला. सोलांजनं टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती ल्युसेतला लागली.

ओनोरे बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटानं एका रेषेत लावत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी तुला आजारी पाडलं, असं लिहून देऊ?"

"तसं नको लिहूस. तू मला कुठे उभं केलंस, तेवढं लिही."

तो उठला. त्यानं कागदाची नीट चौपदरी घडी केली, ती खिशात घातली, टोपी घेतली आणि चीज न कापता निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही, आणि सोलांजला तेच जास्त लागलं. ल्युसेत मात्र जागची हलली नाही. त्याचं डोकं फिरलंय, माझी भूक नाही फिरली, असं म्हणून तिनं स्वतः चीज कापलं, तेही इतकं वाकडं की ओनोरेनं पाहिलं असतं तर सुरी जप्त केली असती.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ल्युसेत एकटी यायची, जेवायची, त्याचं ताट झाकून घेऊन जायची आणि विचारलं की तोंडात मिठाची गुळणी धरायची.

त्या दिवसांत सोलांजला भावाचा राग यायचा, आणि तो नुसता या कागदाचा नव्हता. तिला चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवायची. खिडक्यांच्या रांगेत पाच लेथं होती आणि पाचही पुरुषांच्या हातात. तिला लेथ शिकायचं होतं. तिचे डोळे चांगले होते, हात हलका होता. पण ओनोरेनं तिला दंडाला धरून मागच्या काळोख्या कोपऱ्यात नेलं आणि टाकीशी उभं केलं. पोरीच्या जातीला आणखी काय देणार, असंच ना, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि ते ती आजवर गिळत आली होती. कोपऱ्याची तिला पुढे सवय झाली, शनिवारच्या डागांनी गावात मानही मिळाला. पण काटा तो काटाच, वरून कातडी आली तरी आत सलतोच.

एका दुपारी गास्पार बागेतून धावतच आत आला. भिंतीवरून त्याला भलतंच काही दिसलं होतं. ओनोरेनं खालच्या कारखान्याचं दार उघडलं होतं, आता तिथे वाइनच्या बाटल्या आणि बटाटे असतात. बाटल्यांची मांडणी त्यानं भिंतीपासून ओढून काढली होती आणि हा बहात्तर वर्षांचा गृहस्थ गुडघ्यांवर बसून मोजपट्टीनं जमीन मोजत होता.

"काय मोजतोय?" सोलांजनं विचारलं.

"मी हाक मारली. त्यानं बहिऱ्याचं सोंग घेतलं. की खरंच ऐकू आलं नाही कोण जाणे, त्याचं हे एक बरं असतं."

मग ल्युसेतनंच चार दिवसांनी तोंड उघडलं. त्यानं म्हणे माळ्यावरून आराखड्यांचा जुना फळा काढला आहे, पेन्सिलींना टोकं केली आहेत, आणि जेवायला बोलावलं तर ‘मापात अडकलोय’ म्हणतो. हे ऐकून सोलांजचा उरलासुरला धीर सुटला. ओनोरेनं एकदा मापं घेतली की त्याच्याशी साक्षात देवालाही वाद घालता यायचा नाही. तो आराखडा काढून सिद्ध करणार, टाकी कशी लांब होती, खिडकी कशी जवळ होती, हवा कशी खेळती होती. समितीपुढे तो कागद गेला की सोलांजच खोटी ठरणार. गास्पारला ती म्हणाली की कागद गेला तरी चालेल, मी जाऊन दादाला सांगते, राहू दे, रविवारी जेवायला ये. गास्पारनं तिला पहिल्यांदाच ठामपणे नाही म्हटलं. दोन दिवस थांब, म्हणाला.

गुरुवारी सकाळी ल्युसेत कागदाची एक लांब गुंडाळी घेऊन आली, ती टेबलावर ठेवली आणि कॉफीलाही न थांबता गेली. हे तिच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की सोलांज घाबरली. गास्पारनं गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर जॅमच्या चार बरण्या ठेवल्या.

तो कारखाना होता. वरून पाहिलेला, विसास एक या प्रमाणात, प्रत्येक भिंतीची जाडी दाखवलेला. खिडक्यांच्या रांगेत पाच लेथं, प्रत्येकावर माणसाचं नाव. मागच्या कोपऱ्यात टाकी, तिरप्या रेघांनी भरलेली, आणि तिच्याशेजारी एक लहानसं वर्तुळ. वर्तुळात लिहिलं होतं: सोलांज. वर्तुळापासून टाकीच्या काठापर्यंत बाण आणि त्यावर माप: चाळीस सेंटीमीटर. टाकीपासून जवळच्या खिडकीपर्यंत दुसरा बाण: सात मीटर वीस. छत दोन मीटर दहा. खिडक्या नोव्हेंबर ते एप्रिल बंद. वाफ ओढणारा पंखा एक्याऐंशीपासून, त्याआधी नाही.

खाली छापल्यासारख्या अक्षरांत क्रमानं नोंदी होत्या. दिवसाचे नऊ तास. हातमोजे दिले नाहीत, कोणी मागितले नाहीत, मलाही सुचलं नाही. सर्वजण टाकीत हात धुवत असू. शनिवारी गावाचे कपडे, परवानगी माझी. आणि मग एक ओळ, जिच्याखाली पट्टीनं रेघ मारली होती: ‘पॅकिंग हे मी लिहिलं. तसं लिहिलं की विम्याचा हप्ता कमी बसे. ती पॅकिंगला एक दिवसही नव्हती.’

"च्यायला," गास्पार हळू आवाजात म्हणाला.

समितीचा कागदही आत होता, घडीच्या खुणांसकट. त्यातले सगळे रकाने भरलेले होते. शेवटचा प्रश्न असा होता की या कामासाठी या व्यक्तीची निवड कोणत्या कारणानं केली. तिथे मात्र अक्षर बदललं होतं. छापील वळण जाऊन शाळेतल्या मुलाचं गोल अक्षर आलं होतं, आणि जागा पुरली नाही म्हणून ते समासात चढलं होतं.

‘पासष्ट सालचा हिवाळा होता. कारखान्यात बादलीतलं पाणी गोठायचं. खिडकीशी लेथवर बोटं लोखंडाला चिकटायची. गरम जागा एकच होती, टाकीजवळची. म्हातारा फेलिसियाँ ती जागा मागत होता, त्याच्या सांध्यांसाठी. मी त्याला नाही म्हटलं. सोलांज पंधरा वर्षांची होती आणि थंडीनं तिचे ओठ निळे पडायचे. ती माझी बहीण होती म्हणून मी तिला सगळ्यात चांगली जागा दिली.’

सोलांजनं ते दोनदा वाचलं. गास्पार तिच्या खांद्यावरून वाचत होता. तिला रडू आलं, आणि ते आजारासाठी नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं आपण ज्याला काळोखा कोपरा समजत होतो, तो कोपरा हा माणूस दुसऱ्याशी भांडून आपल्यासाठी राखत होता. आणि आता, बाटल्यांच्या मागे गुडघ्यांवर बसून, त्या चाळीस सेंटीमीटरांचा अर्थ त्यानं एकट्यानं काढला होता. तिला त्याची इतकी कणव आली की स्वतःची आठवणच राहिली नाही.

खाली सहीची जागा कोरी होती.

तिनं डोळे पुसले, स्वेटर चढवला, पेन घेतलं आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. ओनोरे अंगणात हिवाळ्यासाठी लाकडं रचत होता. प्रत्येक ओंडक्याचं तोंड शेजारच्याशी समपातळीत यायला हवं म्हणून हातानं चेपून बघत होता. ती आल्याचं त्याला कळलं होतं, कारण त्यानं मान जास्तच खाली घातली.

"आराखडा सुरेख झालाय," ती म्हणाली.

"मापं दोनदा घेतली." तो ओंडक्याकडे बघत म्हणाला, "पहिल्यांदा पन्नास आली होती. मग तुझी उंची धरून घेतली. तू वाकायचीस."

"सही राहिलीय, दादा."

"माहितीय. तीन दिवस बसलो. हातच चालेना."

सोलांजनं कागद लाकडांच्या रचलेल्या रांगेवर ठेवला आणि पेन पुढे केलं. त्यानं ते घेतलं नाही. तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "जागा फेलिसियाँला दिली असती तर तू आज धडधाकट असतीस."

"आणि फेलिसियाँ?"

ओनोरेनं आणखी एक ओंडका उचलून रांगेत चेपला.

"तिथे खरंच ऊब होती रे," सोलांज म्हणाली. "बाहेर बर्फ पडत असायचं आणि मी बाह्या दुमडून गात असायचे. तू मला मुलगी म्हणून मागे ढकललंस, असं मी आजपर्यंत समजत होते. मनात तुला किती शिव्या दिल्यात, तुला काय माहीत."

त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "कधी?"

"दर सोमवारी."

ओनोरेच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. मग त्यानं पेन घेतलं आणि ओंडक्यावर कागद धरून सही केली, पूर्ण नाव, तारखेसकट. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. कागद तिला परत देताना तो थांबला. गेली दोन वर्षं दर रविवारी तो तिच्यासमोर बसत होता आणि त्यानं एकदाही तिच्या बोटांकडे नीट पाहिलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"हात दाखव," तो म्हणाला.

तिनं हातमोजे काढले. त्यानं चष्मा लावला आणि तिचं एकेक बोट नखानं चाचपून पाहिलं, मशिनवरून आलेला माल पाहावा तसं, न घाई करता, दोन्ही बाजूंनी. बाहेरच्या हवेनं दोन बोटं एव्हाना पांढरी पडली होती.

"किती गार आहेत," तो म्हणाला.

"मग धर की जरा वेळ."

ओनोरेनं तिचे दोन्ही हात आपल्या रुंद, राकट पंज्यांत घेतले. आतून ल्युसेत ओरडत होती की सूप निवतंय. ओनोरेनं चांगला कान दुसरीकडे फिरवला.